रकाना म्हणजे मृत्युपत्र नव्हे

"पॉलिसीला वारस कोण लावलाय?" तेरावा उरकला की घराघरांत हा प्रश्न निघतो. उत्तरात ज्याचे नाव येते त्याच्याकडे माना वळतात आणि विषय संपतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी! खरा घोळ मात्र या प्रश्नातच आहे. फॉर्मवर आपण नॉमिनी नेमतो आणि बोलताना त्याला वारस म्हणतो. नॉमिनी माणूस स्वतः निवडतो. मृत्युपत्र नसेल तर वारस कायदा ठरवतो. मृत हिंदू पुरुषाची आई, पत्नी, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

'ज्याचे नाव त्याचे पैसे' म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की नाव मृताने स्वतः दिले, म्हणजे तीच त्याची इच्छा. ही इच्छा कशी जन्मते ते आठवून पाहा. पंचविशीतला मुलगा मार्चअखेरीस कर वाचवायला पॉलिसी घेतो. एजंट विचारतो, "नॉमिनी?" तो म्हणतो, "आई." पुढे लग्न होते, मूल होते, रकाना तसाच राहतो. जे मूल तेव्हा जन्मलेच नव्हते, त्याला वगळण्याचा निर्णय त्या एका शब्दात कुठून शोधायचा? साध्या मृत्युपत्रालाही कायदा दोन साक्षीदार मागतो. रकान्याला ती कसोटी नाही, मग मृत्युपत्राचे वजन त्याला का द्यावे?

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो हलका नाही. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये सांगितले होते, की नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो. ती वारसांची असते. मनीऑर्डर पोस्टमन आणतो, म्हणून ती पोस्टमनची होत नाही, तसेच हे. पण 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये नवे पोटकलम आले. आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील, तर त्यांना रकमेवर लाभाचा हक्क मिळेल, असे ते म्हणते. शब्द प्रतिपक्षाच्या बाजूने झुकतात, हे मान्य. भाऊ किंवा मित्र मात्र या यादीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तरीही या शब्दांनी वारसाकायदा पुसला जातो का? कर्नाटक उच्च न्यायालयापुढे 2025 मध्ये आलेले प्रकरण वरच्या पंचविशीतल्या मुलासारखेच होते. लग्नाआधी आईचे नाव, नंतर बायको आणि मूल, आणि न बदललेला रकाना. वारसांनी दावा केला तर नॉमिनीचा हक्क त्यापुढे टिकत नाही, असे ठरवून न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना एक-एक तृतीयांश वाटा दिला. हाच अर्थ न्याय्य आहे. त्यात आईलाही कोणी उघड्यावर टाकलेले नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत टोकदार: "विधवेच्या हाती पैसे लगेच पडायला नकोत का? कमावत्या मुलांनी तिच्या ताटातले ओढायचे?" पैसे लगेच मिळावेत, यात वाद नाही. नॉमिनीला रक्कम दिली की विमा कंपनीची जबाबदारी संपते. पुढचा हिशेब वारसांचा आपापसातला. मुले कमावती आहेत म्हणून सगळे पत्नीलाच द्यायचे असेल, तर नवऱ्याने तसे मृत्युपत्र करावे. मुलांचा हक्क बापाच्या स्पष्ट इच्छेपुढे नमतो. त्याच्या विसरभोळेपणापुढे नमू नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि ज्याला बायकामुलांची सोय खरोखर पक्की करायची आहे, त्याच्यासाठी 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याच्या कलम 6 खाली, पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी असे पॉलिसीतच नमूद केले, की ती त्यांच्यासाठीचा विश्वस्तनिधी होते. मग ती मृताच्या इस्टेटीत धरली जात नाही. पॉलिसी घेतानाच हे करावे लागते, एवढेच पथ्य.

तेव्हा तेराव्यानंतर "नॉमिनी कोण?" हे जरूर विचारा, पैसे कोण आणील ते त्यातून कळेल. मग "वारस कोण कोण?" असेही विचारा. रकाना भरताना जे जन्मलेच नव्हते आणि आज दप्तर घेऊन दारात उभे आहे, ते पोरही दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येते.