सही-शिक्क्याविना सातबारा

ऑनलाइन नोंदीची पीडीएफ आपोआप कशी तयार होते, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. त्यांतला हवा तो उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला पीककर्जासाठी उतारा हवा असेल, तर तलाठी सजेवर आहे की तहसीलला बैठकीला गेला आहे, याची चौकशी करत बसावे लागत नाही. ही सोय मोठी आहे. मात्र हातात आलेली फाइल नेमकी काय आहे आणि ती कशाच्या बळावर खरी ठरते, हे उतारा मागणाऱ्या पुष्कळ कचेऱ्यांना अजून उमगलेले नाही.

या व्यवस्थेत मूळ वस्तू कागद नाही, नोंद आहे. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव, खाते क्रमांक, क्षेत्र, आकारणी आणि इतर हक्क असतात. गाव नमुना बारामध्ये पिके. ही माहिती एकाच हाताने येत नाही. खरेदी, वारस, बोजा यांची नोंद तलाठी फेरफारात घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. पिकांची नोंद २०२१च्या १५ ऑगस्टपासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करतो. कोणी उतारा मागितला की संगणक या साऱ्या नोंदी ठरलेल्या साच्यात बसवतो, पान आखतो, त्यावर पडताळणी क्रमांक टाकतो आणि पीडीएफ हाती देतो. नमुना सात डिजिटल स्वाक्षरीत असल्याने आणि नमुना बारा स्वयंप्रमाणित असल्याने सही-शिक्क्याची गरज नाही, असे त्या पानाच्या तळाशी छापलेलेच असते. अडोबी कंपनीने १९९३मध्ये आणलेल्या पीडीएफला २००८मध्ये आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. या प्रकाराचा मुख्य गुण असा की, एकदा बांधलेले पान कोणत्याही यंत्रावर तसेच दिसते.

पण बांधले जाते ते त्या क्षणाचे पान. सोमवारी काढलेल्या उताऱ्यात इतर हक्कांचा रकाना कोरा आहे. गुरुवारी सोसायटीचा बोजा चढला. शुक्रवारी काढलेल्या उताऱ्यात तो दिसतो, सोमवारच्या फाइलमध्ये कधीच दिसणार नाही. दोन्ही फाइली अस्सल आहेत. एक सोमवारची साक्ष देते, दुसरी शुक्रवारची. म्हणून तळाशी डाउनलोडची तारीख आणि वेळ छापलेली असते. जमीन घेणाऱ्याने मालकाच्या नावाआधी ती ओळ वाचावी आणि विसार देण्याच्या दिवशी नवा उतारा काढावा. समोरच्याने आणलेला महिनाभर जुना प्रिंट खोटा नसतो, शिळा असतो, आणि जमिनीच्या व्यवहारात तेवढे नुकसानीला पुरते.

यंत्र नोंद तपासत नाही, फक्त मांडते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना कुठे आडनाव चुकले, कुठे हेक्टर-आरमधले टिंब सरकले. त्यासाठी २०१७मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, तरी सगळ्या चुका त्यात सापडल्या नाहीत. राहिलेली चूक पीडीएफमध्ये नेटक्या अक्षरांत येते आणि नेटकेपणामुळेच ती खरी वाटते. तिथे फाइलशी झटून उपयोग नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६च्या कलम १५५खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती मागावी लागते. मूळ नोंद सुधारली की पुढचा उतारा आपोआप सुधारून येतो.

मराठी मजकुराची पीडीएफ होताना आणखी एक अडचण येते. तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, म्हणून ती जवळून पाहायला हवी. 'निफाड' हा शब्द संगणकाच्या युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: आधी न, मग ऱ्हस्व वेलांटी, मग फा, मग ड. पानावर मात्र वेलांटी न च्या डावीकडे काढावी लागते. पीडीएफच्या पोटात अक्षरांऐवजी आकृत्या आणि त्यांच्या जागा असतात: ही आकृती इथे, ती आकृती तिथे. कोणत्या आकृतीचे मूळ अक्षर कोणते, याचा तक्ता फाइलमध्ये सोबत ठेवावा लागतो. तो तक्ता नीट नसेल तर डोळ्यांना 'निफाड' दिसते, पण तो शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की 'िनफाड' उमटते. सिन्नर आणि दिंडोरीचीही हीच गत. 'त्र्यंबकेश्वर' तर त्याहून अवघड: त, र, य आणि मधली दोन हलन्त चिन्हे मिळून एक जोडाक्षर होते, आणि ते उलगडून परत पाच खुणा मिळवणे कच्च्या सॉफ्टवेअरला जमत नाही. तिथे मोकळी चौकट येते किंवा काहीच येत नाही.

हा केवळ टंकाचा प्रश्न नाही. अशा हजार फाइली एका फोल्डरमध्ये साठवल्या आणि 'निफाड' शोधले तर संगणक 'सापडले नाही' म्हणतो. दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र त्या ओळीवर अडखळते. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांत केलेल्या फाइलींचे हाल याहून वाईट, कारण तिथे मराठी दिसणाऱ्या अक्षरांमागे रोमन चिन्हे असतात. आणि सर्वांत वाईट पद्धत म्हणजे संगणकावर तयार झालेले पत्र छापायचे, त्यावर सही करायची, ते स्कॅन करायचे आणि त्याची पीडीएफ चढवायची. त्या फाइलीत मजकूर उरत नाही, मजकुराचा फोटो उरतो. सरकारी असो वा सहकारी, ज्या संस्थेकडे मूळ मजकूर युनिकोडमध्ये आहे तिने हे करणे म्हणजे हातातली वस्तू टाकून तिची सावली जपणे आहे. फाइल पारखण्याची रीत सोपी आहे. पीडीएफमधले आपले नाव निवडावे, कॉपी करावे आणि व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवावे. नाव जसेच्या तसे आले तर फाइल चांगली.

आता सहीकडे. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटे, मुद्रांक कागद आणि पासपोर्ट छापले जातात. करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा. या शहराला कागदाच्या विश्वासाचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. तिथला विश्वास वस्तूमध्ये असतो: जलचिन्ह, धागा, शाई, आकड्यांची माळ. म्हणून मूळ कागदाला मोल, आणि झेरॉक्सला सत्यप्रतीचा शिक्का लागतो. डिजिटल सहीच्या पीडीएफमध्ये हा हिशेब उलटा होतो. संगणक फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीचा ठसा काढतो. स्वाक्षरी करणाऱ्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने तो ठसा बंद केला जातो. ही किल्ली बहुधा यूएसबी टोकनमध्ये असते. कचेऱ्यांत त्याला डोंगल म्हणतात. नंतर कोणी फाइलमधला एक आकडा बदलला तरी नवा ठसा जुन्याशी जुळत नाही आणि छेडछाड उघडी पडते. अशा सहीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००ने कायद्याची मान्यता दिली आहे. या फाइलीच्या शंभर प्रती काढल्या तरी शंभरही मूळच असतात. प्रिंट काढल्याबरोबर मात्र सही मागे राहते. कागदावर येते ते तिचे चित्र.

आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, हा अनुभव घराघरांतला आहे. त्याचा अर्थ सही खोटी असा नाही. भारतातल्या प्रमाणन यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरच्या ओळखीचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीच्या तपशिलात जाऊन ते प्रमाणपत्र विश्वासू म्हणून नोंदवले की हिरवी बरोबरची खूण येते. सेवा केंद्रात लोक 'हिरवी टिक आणून द्या' म्हणतात ती हीच. ही खूण ज्या पडद्यावर तपासणी झाली त्या पडद्यापुरतीच खरी. प्रिंटवरच्या हिरव्या खुणेने काहीच सिद्ध होत नाही, कारण ती कोणालाही रंगवता येते. तरीही काही ठिकाणी तशा प्रिंटचा आग्रह धरला जातो आणि माणसे दोन-दोन खेपा घालतात. प्रिंटच्या बाबतीत आधार एकच: त्यावरचा पडताळणी क्रमांक. सातबाऱ्यावर तो १६ अंकी असतो. महाभूमीवर तो टाकला की अस्सल उतारा समोर येतो आणि हातातल्या कागदाशी ताडून पाहता येतो.

नोंदींवरून आपोआप पीडीएफ करण्याचे हेच काम लहान प्रमाणावर कोणतीही शाळा, दूध संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी करू शकते. गुगल शीटमध्ये सभासदांची यादी, गुगल डॉक्समध्ये पावतीचा साचा, आणि ॲप्स स्क्रिप्टची थोडी आज्ञावली. मग दर महिन्याला प्रत्येकाच्या नावाची पीडीएफ होऊन त्याच्या ईमेलवर जाते. डॉक्सची पीडीएफ या मार्गाने काढताना १० एमबीची मर्यादा आहे, म्हणून साच्यात बोधचिन्हाचे अवजड फोटो घालू नयेत. इंटरनेटशिवाय काम करायचे तर लिबर ऑफिस एका आज्ञेत फोल्डरभर फाइलींची पीडीएफ करून देते. फाइलीला नाव कसे द्यावे, याचा चांगला धडा मंत्रालयाच्या शासन निर्णयांत आहे. प्रत्येक निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि पुढे वेळ. 'पावती-नवीन-फायनल-२' या नावाने साठवलेली फाइल वर्षभराने ती करणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

जपणुकीचा विचार मात्र सुरुवातीलाच व्हायला हवा. डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते, जमिनीचा दस्त तीस-चाळीस वर्षांनीही लागतो. मुदत संपल्यावरही सही तपासता यावी यासाठी सही करतानाच तिच्यावर वेळेची विश्वासार्ह मोहोर उमटवावी लागते. दीर्घकाळ टिकवायच्या फाइलींसाठी पीडीएफ/ए हे वेगळे मानक २००५पासून आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बांधलेले असतात, म्हणून उद्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. नवी व्यवस्था उभारणाऱ्याने ठेकेदाराकडून या दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. नंतर त्या बसवणे अवघड असते.

राहता राहिला स्वीकाराचा प्रश्न. यंत्रणेने आपले काम बरेचसे केले आहे. अडते ते घेणाऱ्याच्या टेबलावर. कर्जाच्या अर्जात 'सातबारा उतारा, सही-शिक्क्यासह' अशी जी ओळ अजून छापली जाते, ती बँकांनी आणि सोसायट्यांनी काढून टाकावी आणि तिच्या जागी पडताळणी क्रमांकाचा सोळा घरांचा रकाना छापावा.