बहिणीचं नाव सातबाऱ्यावर का नाही?



विंझरच्या बाजूचा एका महादेव कोळी घराचा जमिनीचा वाद भोरच्या कोर्टात गेलाय. प्रकरण चालू आहे म्हणून नावं छापत नाही. हकीगत ओळखीचीच. बाप वारला, थोरल्यानं तलाठ्याकडे जाऊन वारसनोंद केली. स्वतःचं एकट्याचं नाव, पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटा मुंबईला हमालीत, त्याला पत्ता नाही. आईला आणि दोघी बहिणींना कुणी विचारलंच नाही. पुण्याची गाडी जमीन बघायला आली तेव्हा घरात कळलं की कागदावर मालक एकच आहे.

दोघींतली एक नवरा वारल्यापासून माहेरीच राहते. भातलावणी तिची, वरकसावरची नाचणी तिची. कागदावर ती कुणीच नाही.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हिस्सा मिळाला. (लग्न आधीच झालेल्यांना २००५ पर्यंत तोही नव्हता.) रेडिओवर ऐकून बहिणी वकिलाकडं गेल्या. वकील म्हणाला, हा कायदा तुम्हाला नाही. खरं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकार वेगळी अधिसूचना काढत नाही तोवर तो अनुसूचित जमातींना लागू नाही. आपल्याला रिवाज. आणि थोरला कोर्टात तेच म्हणतो, आमच्यात मुलीला हिस्सा नसतो.

जमातीच्या दाखल्यासाठी चपला झिजतात तेव्हा कुणाला रिवाज आठवत नाही. बहिणीला बाहेर ठेवायचं म्हटलं की लगेच आठवतो!

तेव्हाच्या बिहारातल्या हो जमातीच्या बायका हाच प्रश्न घेऊन 'मानुषी'च्या मधु किश्वर यांच्याबरोबर १९८२ साली सुप्रीम कोर्टात गेल्या. निकाल १७ एप्रिल १९९६ ला लागला, चौदा वर्षांनी. कोर्टानं पुरुषांच्या वारशाचा छोटानागपूरचा कायदा रद्द केला नाही. पण शेवटच्या पुरुष खातेदाराच्या घरच्या बाया त्या जमिनीवर पोट भरतात तोवर त्यांना तिथून हलवता येणार नाही, असं म्हटलं. तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी तर सरळ समान हिस्सा द्यावा असं लिहिलं. निकाल तेव्हाच्या बिहारच्या कायद्यावरचा आहे, आपल्या तलाठ्याला तो दाखवून भागणार नाही. तरी अर्धी भाकर आहे.

तिथंही सरकारनं हेच सांगितलं होतं की मुलीला दिली तर जमीन जमातीबाहेर जाईल. आपल्या बैठकीतही हे बोललं जातं. मुलगी बिगर आदिवासी घरात गेली तर तिच्या पोरांचं काय, हा प्रश्न खरा आहे, त्यावर बसून बोलू. पण ३६ अ कलम १९७४ पासून आहे, कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला जमीन जात नाही. तरी गेली ना? कुणाच्या अंगठ्यानं गेली? सातबाऱ्यावर चार नावं असतील तर दलालाला चार सह्या लागतात. एकच नाव असलं की त्याला एकच दारूची बाटली पुरते.

(कातकरी वाडीतल्या बाया हे वाचून हसतील. तिथं वारसाची भांडणं नाहीत, कारण सातबाराच नाही. त्यावर पुढच्या अंकात.)

तोवर एवढं करा. घरात कुणी वारलं की तीन महिन्यांत वारसांची सगळी नावं लेखी द्या. आई, मुली, सगळ्यांची. चावडीवर फेरफाराची नोटीस लागते ती पोरांकडून वाचून घ्या. नाव गाळलं असेल तर सर्कलनं नोंद मंजूर करायच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच मागा. पोच द्यावीच लागते. नोंद मंजूर झालीच तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील आहे. आणि 'भावासाठी हक्क सोडते' म्हणून कुणी कागद पुढं केला तर आधी वाचून घ्या, मगच अंगठा.

भोरच्या खटल्यात साक्षी लागणार आहेत. रिवाज नुसता सांगून चालत नाही, कोर्टात तो साक्षीनं शाबित करावा लागतो. थोरला म्हाताऱ्या पुरुषांची यादी करतोय. कुणाच्या घरी विधवा मुलीला, घरजावयाला, एकट्या बाईला शेत दिलं होतं, कोणत्या पिढीत, कोणतं शेत, हे जुन्या बायांना ठाऊक आहे. त्यांनी रविवारच्या बैठकीला यावं. चालवत नसेल तर निरोप द्या, आम्ही घरी येऊन लिहून घेऊ.