पगाराचा विटाळ

आमच्याकडच्या व्याख्यानमालेत यंदा एका विद्वानांनी तरुणांना सांगितलं, की समाजसेवा करायची असेल तर सैन्याच्या वाटेला जाऊ नका. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जवान पोटासाठी भरती होतो, पगार घेतो, पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो, कॅन्टीनचं स्वस्त सामान नेतो. ही नोकरी झाली, सेवा कसली? शिवाय सैन्य म्हणजे हिंसा, हुकूम पाळून पाळून बुद्धी गंजते, आणि हाच पैसा दवाखान्यांवर खर्च केला तर देश सुखी होईल. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या निवृत्त प्राध्यापकांनी जरा जास्तच वाजवल्या.

पगाराचा मुद्दा आधी घेतो, कारण मला झोंबला तो तोच. पगाराला हात लावला की सेवा बाटते, हे सोवळं फक्त जवानासाठीच का? मास्तर पगार घेतात ते ज्ञानदान, डॉक्टर फी घेतात ती रुग्णसेवा, आणि व्याख्याते मानधनाचं पाकीट घेतात ते प्रबोधन. वेतन आयोगाची थकबाकी ज्यांना तोंडपाठ असते, त्यांनी जवानाच्या मनीऑर्डरीत नाक खुपसावं, हा विनोद म्हणून ठीक आहे. फुकट केलं तेच पवित्र, ही कल्पना ज्याच्या घरी बारमाही पाण्याची बागायत आहे त्याला परवडते. माण-खटावच्या कोरडवाहू रानात एक भाऊ औत धरतो आणि दुसरा पलटणीत जातो, तेव्हा कुठे घर चालतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. ते पगारासाठी गेले होते का? हो, गेलेच होते. परक्या बादशहासाठी हौसेनं कोण मरतं?

पण त्या पगारानं या महाराष्ट्रात काय केलं, ते बघा. विद्वानांना ते ठाऊक नसेल असं नाही, त्या संध्याकाळी सोयीचं नव्हतं इतकंच. गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई. दापोलीच्या आसपास लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. तिथल्या या माणसानं 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्री-पंडितांना जाब विचारला. रामजी सकपाळ सुभेदार झाले, पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक झाले, आणि 1891 साली महूच्या छावणीत त्यांच्या घरी भीमराव जन्मले. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढता येत नव्हती, त्यांना पलटणीनं पाटी-पेन्सिल दिली. पुढे 1890च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कारण काय, तर काही जाती लढवय्या आणि काही नाहीत. तेव्हा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला, 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि अखेर 1941 मध्ये बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. अर्धशतक चाललेली ही खटपट केवळ पोटाची होती, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो. पोट होतंच. पण अक्षर होतं, अंगावर गणवेश होता, आणि सुभेदाराच्या हुकमाला उभं राहून ‘जी’ म्हणणारी माणसं होती. गावात वेशीबाहेर राहणाऱ्यासाठी ही काय चीज होती, ते सभागृहाच्या पंख्याखाली बसून कळायचं नाही.

पेन्शनच्या लोभाचा आरोप तर आता शिळा झाला. 2022च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी तीनचतुर्थांश पोरांना पेन्शनशिवाय घरी यायचं आहे. तरी पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटरची तयारी करणारी पोरं मला तरी कमी झालेली दिसत नाहीत.

हिंसा म्हणाल, तर रामा राघोबा राण्यांना परमवीर चक्र मिळालं ते 1948च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढल्याबद्दल आणि वाटेतले अडथळे हटवल्याबद्दल. मागून रणगाडे येत होते आणि ते पेढे वाटायला येत नव्हते, हे मान्य. बुद्धी गंजण्याबद्दल मी बोलत नाही, न गंजलेली बुद्धी नुकतीच ऐकून आलोय. दवाखाने हवेतच, त्यासाठी जवानाला खोटं पाडायची गरज नाही.

इथे आमच्याच बाजूच्या लोकांशी झालेलं एक जुनं भांडण आठवतं. 2017च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली, आणि नवा पूल लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधून पुढच्या फेब्रुवारीत खुला झाला. तेव्हा मंडळी नाचत होती: बघा, याला म्हणतात सेवा! मी तेव्हाही म्हणत होतो, की ही सेवा असेल, पण त्याहून आधी ती पूल बांधायचा पगार घेणाऱ्यांची नाचक्की आहे. किल्लारीचा भूकंप किंवा सांगलीचा महापूर वेगळा. तिथे जवान धावलाच पाहिजे. पण जवानाची किंमत पूर आणि पूल मोजून ठरवायची, तर मग कोरड्या वर्षी त्यानं काय करावं?

माझं म्हणणं साधं आहे आणि ते घटनेच्या 33व्या कलमात सापडतं. सैन्यदलातल्या माणसांचे मूलभूत हक्क आखडते घेण्याची मुभा हे कलम संसदेला देतं. त्याच्या आधारानं जवानाच्या संघटना काढण्यावर, सभेला जाण्यावर, वर्तमानपत्राशी बोलण्यावर बंधनं आहेत. मनात आलं म्हणून राजीनामा फेकता येत नाही. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, शिक्षकही गेले, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सियाचीनच्या चौकीला तसं संपावर जाता येत नाही. 1984 पासून तिथली माणसं बदलत राहिली, आणि गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनीच जास्त नेली. आपले हक्क काढून ठेवून या अटींवर सही करणाऱ्याला मी सेवक म्हणतो. त्याचा पगार किती असावा हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी पगारवाढीच्या बाजूनं आहे.