शेवटची बादली पावसाच्या पाण्याची

आमच्या नागभीडकडची चार-पाच वर्षे चाललेली कुठलीही गाडी उन्हात उभी करा आणि समोरच्या काचेकडे तिरके बघा. पांढुरक्या गोल कड्या दिसतील, एकीत एक अडकलेल्या. वायपर फिरतो तेवढ्या भागात फिकट, कडेला दाट. मालक म्हणतो, गाडी तर दर आठवड्याला धुतो. त्या धुण्यानेच हे डाग पडलेले असतात.

मी भाड्याची गाडी चालवतो. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद पडली, तेव्हापासून भिवापूर-उमरेडचा रस्ता आमच्या लोकांना जास्तच लागतो. पेशंट घेऊन निघायचे तर वेळ-अवेळ बघता येत नाही. रात्री समोरून ट्रकचा दिवा काचेवर पडला की प्रत्येक पांढरी कडी पेटते आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. कानपा सोडल्यावर असो की तळोधीकडच्या जंगलात, त्याच क्षणी रानडुक्कर किंवा चितळ आडवे येऊ शकते. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागातला, वाघाचा. म्हणून काचेवरच्या डागाला मी शोभेचा प्रश्न मानत नाही. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश पार व्हावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो. काळी फिल्म लावली की पोलीस अडवतात. डागांनी आंधळ्या झालेल्या काचेला कोणी अडवत नाही.

या डागांचे कारण बोअरचे पाणी. खडकातून मुरत जाताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. थेंब काचेवर सुकला की पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. कूलरच्या ताटीवर जी पांढरी पापडी धरते, तीच ही. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक आहे. हिशेब करा: 600 चे पाणी असेल तर दहा लिटरच्या बादलीत सहा ग्रॅम क्षार. पिण्याला चालणारे पाणीही काचेला चालत नाही ते यामुळे. त्यात मे महिन्यातले आमचे ऊन. तापलेल्या काचेवर फडका पोचायच्या आत थेंब सुकतो.

आणि हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक नाही असे नाही. बॅटरीत कोणी बोअरचे पाणी टाकत नाही, बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर विकत आणतो. काचेच्या वेळी मात्र तीच अक्कल बाजूला राहते.

डाग नवे असतील तर घरच्या वस्तूंनी निघतात, त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. सकाळी काच थंड असताना गाडी सावलीत घ्यावी. आधी साध्या पाण्याने धूळ काढावी, नाहीतर तीच धूळ घासून काचेवर ओरखडे पडतात. मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून फडका भिजवावा आणि डागावर दहा मिनिटे चिकटवून ठेवावा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस गाळून. आंबटाने चुना सुटतो, बारीक बुडबुडेही कधी दिसतात. फडका उचलून डागावरून नख फिरवा. आधी खरखरीत लागणारी कडी मऊ झालेली असते, दोन हात मारले की जाते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या कापडाने पुसा, थेंब सुकू देऊ नका. रंगावर, वायपरच्या रबरावर व्हिनेगर राहू देऊ नये.

इतके करूनही कडी दिसते, पण नखाला काहीच लागत नाही, तर समजावे की क्षाराने काचच खाल्ली. तिथे आंबटाचा उपयोग संपला. काचकाम करणारे सेरियम ऑक्साइडची पूड लावून पॉलिश करतात, तेही जपून, कारण समोरची काच एका जागी जास्त घासली तर त्यातून रस्ता वाकडा दिसतो. ॲसिडला तर हातच लावू नये. संडास साफ करायचे ॲसिड काचेवर मारून डाग काढून देणारे मी पाहिले आहेत. ओघळ गेला तिथला रंग आणि क्रोम खराब होतो, आणि मारणाऱ्या पोराच्या डोळ्यांत, छातीत वाफ जाते ती वेगळी.

आणखी एका सल्ल्याला माझा उघड विरोध आहे. आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी गाडी धुवायला वापरा, असे पाणी वाचवायच्या भल्या हेतूने सांगितले जाते. पण पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात साठलेला असतो. ते फरशीला, संडासाला वापरा. काचेवर ते बोअरच्या पाण्याहून वाईट.

मग गाडी धुवायची कशाने? बोअरनेच धुवा, मी कुठे नाही म्हणतो. तलावात गाडी घालून धुणे तर बंदच झाले पाहिजे, त्या पाण्यावर धान आणि ढोरे जगतात. माझे म्हणणे एवढेच की काचेवरची शेवटची बादली पावसाच्या पाण्याची असावी. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो. वॉशिंग सेंटरच्या शेडचा पत्रा 100 चौरस मीटर धरा. 50 मिलिमीटरचा एक पाऊस झाला की त्यावर 5000 लिटर पाणी पडते. गाडीमागे दहा लिटर धरले तर ते 500 गाड्यांना पुरते. मालगुजारीच्या काळापासून तलाव-बोड्या बांधून पावसावर धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीत एका शेडखाली एक टाकी अवघड नाही. नगर परिषदेने नव्या वॉशिंग सेंटरला परवानगी देताना ही टाकी अटीत घालावी, आणि आपण गिऱ्हाइकांनी पैसे देताना शेवटच्या बादलीची मागणी करावी.

मृगाच्या आधी पन्हाळ आणि टाकी बसवून घ्या. पहिल्या एक-दोन पावसांनी पत्रा धुऊन जाऊ द्या, त्यानंतरचे पाणी साठवा आणि टाकीवर झाकण ठेवा.