आधी टेबल मोजा, मग लेन्स बघा. ॲडॉप्टर सगळ्यात शेवटी



व्हिडिओ कॉलवर माल दाखवून विकणं आता काही नवीन राहिलेलं नाही. येवल्याचा पैठणीवाला दुबईतल्या गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवतो, घरून इमिटेशन ज्वेलरी विकणाऱ्या ताई मुंबईच्या मैत्रिणींना कानातलं दाखवतात, क्लासवाले सर कॉलवरच डेमो लेक्चर घेतात. चित्र चांगलं दिसलं की समोरच्याचा विश्वास बसतो, हे सगळ्यांना कळलंय. आणि इथूनच खर्चाला पाय फुटतात.

दुकानात नेहमी एकच प्रश्न येतो. "सर, घरी जुना डीएसएलआर पडलाय. त्याला ॲडॉप्टर लावून ५० मिमीची लेन्स बसवली तर मागचं सगळं ब्लर होईल ना?" होईल की! पण मागचं ब्लर झालं म्हणून साडी विकली जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला कॉलवर माल विकायचाय, त्याने ॲडॉप्टरचा विचार सगळ्यात शेवटी करावा. मी स्वतः ॲडॉप्टर विकतो, तरी हे सांगतोय.

पहिला प्रश्न: कॅमेरा तुमच्यापासून किती लांब?

लेन्स घेताना लोक एफ नंबर विचारतात, अंतर कोणी विचारत नाही. खरं तर हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. फ्रेममध्ये किती रुंदी मावेल ते असं काढा: कॅमेऱ्यापासूनचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये एपीएस-सी सेन्सर असतो, रुंदी साधारण २३ मिमी. टेबल एक मीटरचं धरा. ५० मिमीच्या लेन्सने फ्रेममध्ये मावतात फक्त ४६ सेमी. म्हणजे चेहरा आणि थोडे खांदे. हातातली वस्तू बाहेर! तीच लेन्स ठेवून ९२ सेमी मावायला हवे असतील, तर कॅमेरा दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट मागे न्यावा लागेल. दहा बाय बाराच्या गाळ्यात काउंटर, रॅक आणि गिऱ्हाईक सांभाळून एवढी जागा कुठून आणणार?

उलटा हिशोब करा. एक मीटरवर ९० सेमी रुंदी हवी असेल तर लागते साधारण २५ मिमीची लेन्स. साडीचा पदर पूर्ण रुंद उलगडायचा असेल तर साधारण ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंदी हवी. तिथे साधारण २० मिमी लागतात. मग १८ ते ५५ मिमीची जी झूम लेन्स कॅमेऱ्याच्या बॉक्समध्ये आलेली असते, जिला आपण "किट लेन्स" म्हणून कपाटात टाकतो, तीच इथे कामाची निघते. एक पीळ दिला की पदर, दुसरा दिला की काठ.

सेन्सर वेगळा असेल तर आकडा बदलतो. फुलफ्रेमची रुंदी ३६ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ मिमी. त्याच ९० सेमीसाठी पहिल्याला ४० मिमी लागतात, दुसऱ्याला १९ मिमी. म्हणून मित्राने सांगितली ती लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर तशीच दिसेल असं धरून चालू नका.

दुसरा प्रश्न: काय काय शार्प दिसायला हवं?

ब्लरचं वेड इथे महागात पडतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, एफ १.८, अंतर एक मीटर. शार्प दिसणारी खोली किती? जेमतेम ३ सेमी. तुमचे डोळे शार्प आहेत आणि तुम्ही झुमका हातभर पुढे धरलाय. झुमका धूसर! गिऱ्हाईक म्हणतं, "जरा नीट दाखवा ना." तुम्ही हात मागेपुढे करत बसता, आणि तेवढ्यात तिचा मूड गेलेला असतो.

तोच कॅमेरा, पण २४ मिमी आणि एफ ५.६. आता शार्प खोली सुमारे ३९ सेमी. चेहराही स्वच्छ, हातातला मालही स्वच्छ. कॉलवर विकणाऱ्याला हेच पाहिजे. मागचं रॅक दिसतंय? दिसू द्या. भरलेलं, नीट लावलेलं रॅक हीसुद्धा जाहिरातच आहे.

फक्त एक सांभाळा. १८ मिमीला लेन्सच्या फार जवळ जाऊ नका. नाक मोठं दिसतं, पुढे केलेला हात पंजासारखा दिसतो. एक मीटर राखा.

आता ॲडॉप्टर

प्रत्येक माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं. कॅनन ईएफचं ४४ मिमी, निकॉन एफचं ४६.५ मिमी. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर कमी असतं: सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ २० मिमी, निकॉन झेड १६ मिमी. ॲडॉप्टर म्हणजे मधली जागा भरून काढणारी नळी. कॅननची ईएफ लेन्स सोनीवर लावायची तर ४४ वजा १८, म्हणजे २६ मिमीची नळी बसते. सोपं काम.

उलटं जमत नाही. सोनी ई ची लेन्स डीएसएलआरवर लावायला मध्ये जागाच उरत नाही. कॅनन ईएफ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायची तरी तीच अडचण. निकॉनची लेन्स कॅनन डीएसएलआरवर मात्र बसते, कारण मध्ये अडीच मिमी शिल्लक राहतात. विकत घेण्याआधी ही वजाबाकी करा. उत्तर वजा आलं तर पाकीट खिशातच ठेवा.

जुन्या, आटे असलेल्या एम४२ लेन्सची गोष्ट जरा मजेशीर आहे. तिचं अंतर ४५.४६ मिमी, निकॉनचं ४६.५. एक मिमी कमी पडतो. त्यामुळे साध्या रिंगने लांबचं फोकस होत नाही, आणि दुकानदार तुम्हाला आत काच असलेला ॲडॉप्टर सुचवतो. पण तुम्हाला डोंगराचे फोटो काढायचे आहेत का? ५० मिमीची लेन्स एक मिमी पुढे सरकली तर तिचं फोकस जास्तीत जास्त अडीच मीटरच्या थोडं आत थांबतं. रिंगच्या जाडीमुळे अजून अलीकडे येतं. कॉलवर तुम्ही बसलेले असता एक-सव्वा मीटरवर. त्यामुळे बारीक रिंग असेल तर बिनकाचेची चालू शकते, आणि स्वस्तातली जादा काच मध्ये आली की चित्र मऊ पडतं ते टळतं. टेबलावरच लावून बघा आणि मगच घ्या.

दुसरी मेख इलेक्ट्रॉनिक्सची. साध्या ॲडॉप्टरला वायरिंग नसतं. कॅनन ईएफ लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्याच्या विजेवर चालतं. साध्या नळीवर ती लेन्स पूर्ण उघडीच राहते, म्हणजे परत तीच ३ सेमीची पंचाईत. निकॉनच्या जी लेन्सला ॲपर्चरची रिंग नसते. तिथे स्वतःची रिंग असलेला ॲडॉप्टर बघावा लागतो. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते. ती डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही, आणि झेड कॅमेऱ्यासाठीच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही. लेन्स बसते, पण फोकस हाताने करावं लागतं. एकट्याने दुकान चालवणारा माणूस कॉलवर बोलणार, माल दाखवणार की लेन्स फिरवणार?

कॅननची ईएफ लेन्स त्याच कंपनीच्या आरएफ बॉडीवर लावायला कंपनीचा इलेक्ट्रॉनिक ॲडॉप्टर मिळतो. त्यात ऑटोफोकस आणि ॲपर्चर दोन्ही चालतं. लेन्स आधीच घरात असेल तर हा खर्च मला पटतो. शिवाय एका जागी स्टँड लावून नथ, खडे, भरतकाम असं जवळून दाखवायचं असेल, तर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्सही मस्त काम करते, कारण तिथे माल हलत नाही. बाकी ठिकाणी नवी लेन्स अधिक ॲडॉप्टर असा जोड विकत घेणं मला धंद्याच्या दृष्टीने चूक वाटतं.

गल्ल्याचा हिशोब

समजा लेन्स, ॲडॉप्टर आणि बाकी सामान मिळून १२,००० रुपये गेले. एका विक्रीत तुम्हाला ३०० रुपये सुटतात. म्हणजे हा खर्च निघायला ४० जादा विक्री हव्यात. जादा म्हणजे या लेन्समुळेच झालेल्या. एरवी होणाऱ्या धरायच्या नाहीत. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, गेल्या महिन्यात ब्लर नसल्यामुळे किती गिऱ्हाइकं गेली? आणि रंग वेगळा निघाला म्हणून माल किती वेळा परत आला? दुसरा आकडा मोठा असेल तर इलाज लेन्समध्ये नाही, उजेडात आणि सेटिंगमध्ये आहे.

शिवाय कॉलचं ॲप चित्र दाबूनच पाठवतं. महागड्या काचेचा बारकावा गिऱ्हाइकाच्या मोबाईलपर्यंत पोचेपर्यंत बराचसा विरून जातो. उजेड आणि रंग मात्र पोचतात.

या आठवड्यात एवढं करा

१. टेबल आणि कॅमेऱ्यातलं अंतर टेपने मोजा. दाखवायच्या मालाची रुंदी मोजा. वरचा हिशोब मांडा.

२. किट लेन्स लावा, एफ ५.६ ठेवा. शटर १/५० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे फिरतात.

३. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा. पांढरा कागद धरून हाताने सेट करा. राणी कलर लाल दिसणं बंद होईल.

४. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी.

५. कॅनन, निकॉन, सोनी, फुजी या कंपन्यांनी २०२० मध्ये कॅमेऱ्याचा वेबकॅम करणारी सॉफ्टवेअर आणली. तुमचं मॉडेल त्या यादीत आहे का बघा. असेल तर यूएसबी वायरवर काम होतं. नसेल तर एचडीएमआय कॅप्चर कार्ड. पण आधी कॅमेरा टीव्हीला लावून बघा, स्क्रीनवरचे आकडे आणि फोकसचा चौकोन जातोय का. जात नसेल तर गिऱ्हाइकालाही ते दिसणार.

६. रोज तासभर कॉल असतील तर बॅटरीच्या जागी बसणारा डमी अडॅप्टर घ्या, तो थेट प्लगवर चालतो. चालू सौद्यात कॅमेरा बंद पडणं परवडत नाही.

हे सगळं करून पंधरा दिवस कॉल घ्या. तरीही कुठे अडतंय असं वाटलं, तर नेमकं काय अडतंय ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. "भारी लेन्स दाखवा" म्हणणाऱ्याला दुकानदार भारी बिल दाखवतो. "एक मीटर, नव्वद सेमी, एफ ५.६, बॉडी अमुक" म्हणणाऱ्याला तो मुकाट्याने बरोबर वस्तू काढून देतो.