स्टिअरिंग परत येत नाही? मग "सवय झालीय" म्हणू नका!

शहाद्याहून तोरणमाळला किंवा तळोद्याहून चांदशैली घाटाने धडगावला जीपने गेलात, तर ड्रायव्हरचे हात जरा निरखून बघा. वळण संपलं की काही जण पकड नुसती सैल करतात आणि स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. काही जण मात्र दर वळणानंतर ते हाताने ओढून सरळ करतात. विचारलं की ठरलेलं उत्तर, "जुनी गाडी आहे भाऊ, सवय झालीय!"

माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर चालवून घेऊ नये. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. ज्याला माहीत आहे त्याचं काम चालतं, बग मात्र तिथेच राहतो. मग एखाद्या दिवशी मालकाऐवजी त्याचा पुतण्या गाडी काढतो.. आणि मागे दाटीवाटीने बसलेल्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

मुळात स्टिअरिंग परत येतं कशामुळे? सायकलचा पुढचा चिमटा आठवा. वरच्या बाजूला तो मागे झुकलेला असतो. हँडल ज्या नळीत फिरतं तिची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर टायर टेकतो त्याच्या जरा पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेघेच्या मागून ओढला जातो, आणि ओढली जाणारी वस्तू सरळ राहू बघते. जीपमधल्या याच झुकावाला कास्टर म्हणतात. शिवाय किंगपिन आतल्या बाजूलाही कललेली असते, त्यामुळे चाक वळलं की गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं आणि गाडीचं वजनच चाकाला परत सरळ करू पाहतं.

म्हणजे दोष दोनच जागी असू शकतो. एक तर परत आणणारा जोर कमी पडतोय, किंवा मध्ये काहीतरी अडकतंय.

आपल्याकडे मात्र गाडी थेट अलाईनमेंटच्या मशीनवर चढवतात. मशीन कोन मोजतं हो, पण कुठला सांधा सुकलाय ते नाही सांगत! म्हणून आधी अडथळा शोधा, कोन नंतर.

सगळ्यात आधी टायरची हवा बघा, तिला फार पैसे पडत नाहीत. मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं उचला, अॅक्सलखाली भक्कम स्टँड द्या आणि स्टिअरिंग फिरवा. हवेतसुद्धा जड लागतंय? मग ड्रॅग लिंक सोडवा. हा आपला बायनरी सर्च, एका फटक्यात अर्धी गाडी निर्दोष सुटते. स्टिअरिंगची बाजू जड असेल तर कॉलमचा जॉइंट गंजलाय, किंवा प्ले काढायच्या नादात स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू कुणीतरी जास्त आवळलाय. चाकांची बाजू जड असेल तर टायरॉड एंड किंवा किंगपिनची बेअरिंग बघा. नदीनाले ओलांडणाऱ्या गाडीत पाणी शिरून ग्रीस खराब होतं, चिखल आत जातो. नव्या गाड्यांत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट असतात, त्यांचंही तेच. स्टिअरिंगला डॅम्पर असेल तर तोही सोडवून तपासा. जोडताना नट नीट आवळा आणि स्प्लिट पिन नवीनच टाका. तिथे काटकसर नको.

सगळं हलकं निघालं, तरच कास्टरवर संशय घ्या. सातपुड्यात दगडधोंड्यांवर गाडी टेकू नये म्हणून पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावून ती उंच करतात. त्याने अॅक्सल पुढे कलतो आणि कास्टर कमी होतो. पाटा आणि अॅक्सलमध्ये योग्य कोनाची पाचर बसवली की तो परत मिळतो. आता खुशाल मशीनवर जा.

एक मात्र लक्षात घ्या, अगदी हळू घेतलेल्या वळणावर चांगल्या गाडीचं स्टिअरिंगही पूर्ण परत येत नाही. परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर 20-30 च्या वेगात घ्या.

हा जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. त्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात अशी जीप म्हणजे कित्येकांची एसटीही असते आणि अॅम्ब्युलन्सही. तिला अर्धा दिवस जॅकवर ठेवलं तर एक-दोन फेऱ्या बुडतील, हे मान्य. पण "सवय झालीय" याचा हिशोब मालक एकटा चुकवत नाही, मागे बसलेलेही चुकवतात. त्यांना कुणी विचारलंय का?