मोकळ्या हवेचा हक्क

उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांत दीर्घ, अंधाऱ्या हिवाळ्यानंतर येणारा वसंत हा शरीराला पुन्हा उजेडाची सवय लावण्याचा काळ असतो. म्हणूनच नॉर्वेतील ‘फ्रीलुफ्त्स्लीव’, म्हणजे निसर्गात मोकळ्या हवेत वावरण्याची जीवनरीत, या दिवसांत विशेष बहरते. स्वीडनमध्ये बर्फ वितळताच अंगाची आग करणाऱ्या नेटल या वनस्पतीची कोवळी पाने हातमोजे घालून खुडली जातात आणि त्यांचे हिरवेगार सूप उकडलेल्या अंड्यासह वाढले जाते. या सवयींना सार्वजनिक हक्काचे पाठबळ आहे: नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने लागवडीखाली नसलेल्या खासगी जमिनीवरही, निसर्गाची काळजी घेण्याच्या अटीवर, सर्वांना पायी फिरण्याची मुभा दिली. आरोग्य ही विकत घेण्याची वस्तू नसून समाजाने एकत्र जपण्याचा ठेवा आहे, हेच यातून दिसते.